केसभर मोठं नाणं

दिवा छापाची सोन्याची पाव नाणी जगात दोनच उरली आहेत आणि त्यातलं चांगलं ते आपल्याकडे आहे, याबद्दल दातवाल्या ताईंना कधी तिळमात्र शंका आली नव्हती. दुसरं मोजणीदारांकडे होतं. ते ‘बरं’ आहे, एवढंच ताई म्हणत, आणि ‘बरं’ हा शब्द त्या असा काही उच्चारत की ऐकणाऱ्याला त्या नाण्याची दया यावी.

नाणं म्हणजे केवढं, तर शर्टाच्या कॉलरच्या गुंडीएवढं. आठ कोनांचं. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला ‘पाव’ आणि खाली ठसा कोरणाऱ्याची खूण. दीडशे वर्षांपूर्वी वरच्या नदीच्या वाळूत सोनं सापडलं, बघता बघता तंबूंचं गाव उभं राहिलं, आणि सरकारी टाकसाळ राहिली चार दिवसांच्या वाटेवर. सोनं होतं, पण सुटं नाणं औषधाला मिळेना. मग सोनार, लोहार, एक घड्याळवाला, एक तर चक्क न्हावी, ज्याला ठसा कोरता आला त्यानं घराच्या मागच्या खोलीत नाणी पाडायला सुरुवात केली. सरकारला जाग येऊन बंदी येईपर्यंत सहा वर्षं हा घरगुती कारभार बिनबोभाट चालला. पुढं बरीच नाणी वितळली, काही हरवली, काही दागिन्यांत गेली. जी उरली ती जमवणारी वेडी माणसं अजून आहेत, आणि त्या वेड्यांत दातवाल्या ताईंचा शब्द शेवटचा मानला जाई. निदान ताई तरी तसं मानत.

त्यांचा पोटापाण्याचा उद्योग दातांचा. डॉक्टर दाताचं माप पाठवायचे, ताई त्यावर बसेल अशी कॅप करून द्यायच्या. चाळीसहून जास्त वर्षं हेच. आता हाताशी भाची होती, बहिणीची मुलगी, तिशीतली, कामाला वाघ आणि तोंडाला त्याहून तिखट.

“मावशी, ही कॅप दातावर चढतच नाहीये,” त्या सकाळी भाची म्हणाली. ताई आरशासमोर केस चापूनचोपून बसवत होत्या. आज संग्रहालयात जायचं होतं.

“साच्यात ओल्या कागदाच्या पट्ट्या किती घातल्यास?”

“एक.”

“दोन घाल. किती वेळा सांगितलं, सोनं थंड होताना आकसतं. म्हणून साच्याचं प्लास्टर आधी फुगवून घ्यायचं. पट्टी ओली आणि जाड, की प्लास्टर जास्त फुगतं. तुझे आजोबा कायम दोन घालायचे.”

“म्हणून आजोबांच्या कॅप सैल व्हायच्या.”

“सैल नाही, केसभर मोठ्या. सैल कॅप सिमेंटनं बसते, घट्ट कॅप हातोड्यानंही बसत नाही. डॉक्टर लोक नुसतं बोट फिरवून ओळखायचे, हे तुझ्या आजोबांचं काम म्हणून.”

भाचीनं हात जोडले. हे भाषण तिला पाठ होतं. “बरं, उद्या भंगारवाला येतोय. ते हिरवं धूड देऊन टाकायचं ना नक्की? मला कोपरा हवाय.”

ताईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. स्प्रिंगचं ओतकामाचं जुनं मशीन तिथं फडक्याखाली बसलं होतं. हातानं चावी द्यायची, खटका सोडायचा, आणि दांडा गरकन फिरला की वितळलेलं सोनं साच्यात शिरायचं. विजेचं मशीन आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

“दे देऊन,” ताई म्हणाल्या. वस्तूंत जीव अडकवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. सोन्याची नाणी सोडून.

ते मशीन येण्याआधी बाबा साखळीच्या टोकाला साचा अडकवून हातानं गरागरा फिरवायचे. एकदा साखळी निसटली आणि त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ताईंना सक्त ताकीद, मेणाचं काम कर, घासायचं काम कर, पण ओतायचं नाही. ओतकाम न येणारा कारागीर म्हणजे अर्धा कारागीर, हे ताईंना तेव्हाही कळत होतं, आणि त्या घरात आदळआपट करायच्या. त्या एकोणीस वर्षांच्या असताना बाबांनी हे मशीन आणलं. “एक डॉक्टर भंगारात काढत होता, उचलून आणलं,” असं सांगितलं. महिनाभरात ताईंनी स्वतः ओतलेली पहिली कॅप डॉक्टरांकडून परत आली नाही. त्या दिवशी बाबांनी त्यांच्या तळव्यावर ते पाव नाणं ठेवलं. घराण्यातलं, बाबांच्या आजीचं. आजीनं ते गळ्यात घातलं होतं, ही बघ कडेला कडी जोडलेली खूण, असंही दाखवलं.

तिथून ताईंना नाण्यांचा नाद लागला तो लागलाच.

आता संग्रहालयात या घरगुती नाण्यांसाठी एक स्वतंत्र दालन उघडणार होतं. मधोमध एक काचेची पेटी, त्यात दिवा छापाचं एकच नाणं, आणि खाली पितळी पाटीवर ते ज्याच्या घरातून आलं त्याचं नाव. ताईंना त्या पाटीवर बाबांचं नाव हवं होतं. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडात सोनं बसवलं, पण त्यांचं नाव कुठंही लागलं नव्हतं, दाराबाहेरच्या पाटीवरसुद्धा नुसतं ‘दातांची प्रयोगशाळा’ होतं. कुणाचं नाणं सरस यावरून ताई अकरा वर्षं नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रत्येक सभेत मोजणीदारांशी भांडत आल्या होत्या.

मोजणीदार म्हणजे जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सडपातळ, तोलूनमापून बोलणारे, खिशात कायम मायक्रोमीटर. ताईंच्या मते त्यांनी लग्नात हार घालतानाही मधलं अंतर मोजलं असतं. दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. नाणं कुठून मिळालं ते कुणाला सांगायचं नाही, आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. जमवणाऱ्या माणसांची ही जुनी रीत. त्यामुळे अकरा वर्षांत ती दोन नाणी एकदाही शेजारी शेजारी आली नव्हती.

ती त्या दिवशी आली. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर पांढरा कागद, सूक्ष्मदर्शक, आणि टेबलापलीकडे संग्रहालयाच्या प्रमुख बाई. मंडळाचे सचिव, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, पंचासारखे मधे बसले होते. ताई छाती पुढे काढून आत आल्या. मोजणीदार आधीच येऊन बसले होते, अर्थात.

“प्रत्येक नाण्याचं मी असं कार्ड भरते,” प्रमुख बाई म्हणाल्या. कार्डावर रकाने छापलेले होते. कुणी पाडलं, साल, कशासाठी पाडलं, किती पाडली. भरलेल्या कार्डांचा गठ्ठा शेजारीच होता, आणि ‘कशासाठी’ या रकान्यात सगळीकडे एकच मजकूर, सुट्या नाण्यांची टंचाई. “आता दोन्ही नाणी इथं ठेवा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी डब्या उघडल्या.

प्रमुख बाईंनी एक नाणं भिंगाखाली ठेवलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

“दिव्याच्या खाली एक तिरका ओरखडा आहे,” त्या म्हणाल्या. “दोघांच्याही.”

ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या नाण्यावर ओरखडा आहे हे त्या चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या. मंडळाच्या अंकासाठी फोटो काढताना उजेड अशा बेतानं पाडायचा की तो दिसू नये, हे त्यांचं कसब होतं. मोजणीदारांनी मान खाली घातली, त्यावरून तेही तेच कसब वापरत होते हे उघड झालं.

“त्यात काय एवढं?” घड्याळजी म्हणाले. “ठशातच चीर असेल.”

“ठशात चीर असती तर नाण्यावर रेघ उठून आली असती. ही आत गेलेली आहे. म्हणजे नाणं पाडल्यानंतर कुणाच्या तरी हातून ते खरवडलं. आणि दोन वेगळी नाणी एकाच जागी, एकाच कोनात, एवढ्याच लांबीची खरवडली जात नाहीत.” प्रमुख बाईंनी चष्मा काढला. “यातलं एक नाणं दुसऱ्यावरून साचा घेऊन ओतलेलं आहे. नक्कल आहे. काम फार सुरेख आहे, पण नक्कल आहे.”

घड्याळजींनी उगाचच खुर्ची मागे सरकवली. ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांना मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. आज एकदाचा सोक्षमोक्ष लागणार होता.

“मोजा,” त्या म्हणाल्या. “ओतलेलं सोनं आकसतं. नक्कल अस्सलपेक्षा लहान भरते. मोजणीदारांना मोजू द्या, माझी हरकत नाही.”

“बरोबर आहे,” प्रमुख बाई म्हणाल्या. “आम्हीही हाच नियम लावतो.”

मोजणीदारांनी मायक्रोमीटर काढला, फडक्यानं पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईंच्या नाण्याला हात लावला. तीनदा मोजलं. मग स्वतःचं तीनदा मोजलं. मग चौथ्यांदा. आकडा त्यांनी एका दमात सांगितला.

“ताईंचं नऊ पूर्णांक एक्क्याण्णव मिलिमीटर. माझं नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी.” त्यांनी मायक्रोमीटर टेबलावर ठेवला. “माझं लहान आहे. ताई, तुमचंच खरं.”

माणूस काय आहे ते असं कळतं. चिमटीत थोडा जास्त दाब दिला असता, एक आकडा इकडचा तिकडे केला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी ते केलं नाही. ताईंना त्यांचा आदर वाटला, आणि अकरा वर्षांत तसं पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे जरा अवघडल्यासारखंही झालं.

“तुम्ही फसलात हो,” त्या शक्य तितक्या मऊपणानं म्हणाल्या. “कुणी दिलं होतं तुम्हाला?”

“आता लपवून काय करायचंय.” मोजणीदार आपल्या डबीकडे बघत बोलत होते. “माझे दातांचे डॉक्टर होते, नदीकाठच्या दवाखान्यातले. दाढ काढायला गेलो होतो. त्यांना जुन्या नकाशांचा शौक, मी एक नकाशा दिला, त्यांनी हे दिलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता हो तो. मला म्हणाले, या एवढ्याशा नाण्यापायी मी माझं ओतकामाचं मशीन देऊन बसलो, बायको वर्षभर हसत होती. कुणीतरी कॅप करणारा आला होता म्हणे, हात भाजलेला. त्याला मशीन हवं होतं आणि द्यायला त्याच्याकडे एवढंच होतं.”

ताई पुढे सरकल्या.

“कसलं मशीन?” त्यांनी विचारलं.

“स्प्रिंगचं, चावी द्यायचं. रंग हिरवा होता, एवढं आठवतंय. ते म्हणायचे, माझं हिरवं मशीन गेलं.”

प्रमुख बाई नवं कार्ड पुढे ओढून ताईंचं नाणं त्यावर ठेवत होत्या. “चला, म्हणजे निकाल लागला. पाटीवर नाव कुणाचं घालायचं, ताई? वडिलांचं म्हणालात ना?”

घड्याळजी टाळी वाजवण्याच्या बेतात होते. पाटी समोर आली होती. त्यावर बाबांचं नाव कोरलं जायला ताईंनी फक्त मान हलवायची होती.

ताईंनी मान हलवली नाही. त्यांनी हात लांब करून नाणं उचललं, खिडकीपाशी नेलं आणि कडेवरची ती खूण पाहिली. बाबांच्या आजीच्या गळ्यातल्या कडीची खूण. मग त्या परत आल्या, न विचारता मोजणीदारांचं नाणं उचललं आणि त्याची कड पाहिली. ती आठही बाजूंनी स्वच्छ होती. जी नाळ धरून सोनं साच्यात शिरतं, ती कापून घासली की कडेला ताईंच्या नाण्यावर होती तशीच खूण राहते. ताईंनी स्वतः अशा हजारो नाळी कापल्या होत्या, आणि ही एक त्या चाळीसहून जास्त वर्षं कौतुकानं लोकांना दाखवत आल्या होत्या. पणजी काय, गळ्यातली कडी काय! बाबा आयुष्यात या एकाच बाबतीत खोटं बोलले आणि तेही इतक्या तपशिलानं.

पहिल्यांदा त्यांना राग आला. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी बापानं पोरीच्या हातावर नक्कल ठेवली, म्हणून सणसणीत राग. मग मशीन आलं तो दिवस आठवला. बाबांनी त्यांना एका सकाळी तीन दवाखान्यांत चालत पाठवलं होतं. ‘पहिलं ओतकाम मी एकटा करणार, तू मधे मधे नको.’ त्या परत आल्या तेव्हा बाबा खिडकीपाशी पाठ करून बसले होते, डोळ्याला भिंग लावून, आणि काहीतरी घासत होते. जेवायलासुद्धा उठले नव्हते. ते काय घासत होते, हे ताईंना आज कळलं. आणि आधी साचा घेऊन ठेवलेलं अस्सल नाणं कुठं गेलं होतं, कशासाठी गेलं होतं, तेही कळलं. राग कुठल्या कुठं गेला.

“निकाल चुकलाय,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. “मोजणीदारांचं अस्सल आहे. माझं ओतलेलं आहे.”

“पण मोठं तुमचं आहे,” प्रमुख बाई म्हणाल्या.

“म्हणूनच. सोनार ओतेल तर नक्कल लहान भरेल, तुमचा नियम तिथं बरोबर. पण दातवाल्यांना आकसून चालत नाही, कॅप दातावर बसायला हवी ना! आम्ही साचाच फुगवून घेतो. एक पट्टी घातली तर बरोब्बर मापाला येतं. दोन घातल्या तर केसभर मोठं. सगळ्या गावात दोन पट्ट्या घालणारा एकच माणूस होता.”

“ताई, तुम्हाला खात्री आहे?” घड्याळजींनी विचारलं. “नाही म्हणजे, इतक्या वर्षांनी…”

“माझ्या बाबांचं काम मी ओळखणार नाही? त्या डॉक्टरांचं हिरवं मशीन माझ्या घरात कोपऱ्यात उभं आहे, सचिव. त्यावर बाबांनी पहिलं काय ओतलं, ते हे.”

जिंकल्याचा आनंद मोजणीदारांना होईना. “तुम्ही गप्प बसला असता तर आम्हाला कुणालाच कळलं नसतं,” ते म्हणाले.

“तुम्ही आकडा बदलला असता तरी कळलं नसतं. मग?”

प्रमुख बाईंनी मोजणीदारांचं नाणं कार्डावर ठेवलं आणि ताईंचं डबीत घालून त्यांच्यापुढे सरकवलं. ताईंनी ते खिशात टाकलंही, पण मोजणीदार उठून उभे राहिले.

“एक मिनिट. हे दालन कशाचं आहे? सरकारची परवानगी नसताना, गरज पडली म्हणून, साध्या कारागिरांनी घरात पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांचं. बरोबर? मग ताईंच्या वडिलांनी दुसरं काय केलं? दोन्ही नाणी ठेवा. शेजारी शेजारी. नाहीतर माझंही देत नाही.”

“मोजणीदार, धमकी देताय?” ताईंनी विचारलं.

“हो.”

प्रमुख बाईंना हसू आलं. त्यांनी गठ्ठ्यातून कोरं कार्ड काढलं आणि पेनचं टोपण उघडलं. “सांगा, ताई. कुणी पाडलं?”

ताईंनी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून, चूक व्हायला नको म्हणून. “आणि पुढं लिहा, दातांच्या कॅप करणारे.”

“साल?”

ताईंनी आपण एकोणीस वर्षांच्या होतो ते साल सांगितलं.

“किती पाडली?”

“एकच.”

प्रमुख बाई थांबल्या. “एक रकाना राहिला. कशासाठी पाडलं? बाकी सगळीकडे सुट्या नाण्यांची टंचाई लिहिलंय. इथं काय लिहू?”

ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “मुलीला ओतकाम शिकवायचं होतं.”

दुपारी ताई घरी आल्या तेव्हा भाची सकाळचीच कॅप घेऊन झटत होती. मावशीचा चेहरा बघून ती उठली. “काय झालं? लागली ना पाटी आजोबांच्या नावाची?”

“लागणार आहे. कार्डही झालं.” ताईंनी बाह्या वर सारल्या. “आधी त्या भंगारवाल्याला फोन कर. म्हणावं, उद्या येऊ नको, परवाही येऊ नको.”

“अगं, पण माझा कोपरा?”

“कोपरा तुला माझ्या खोलीतला देते. कपाट हलवू.”

त्यांनी फडकं ओढून काढलं. धूळ झटकली, दांड्याला तेल दिलं, आणि खटका दोनदा सोडून पाहिला. स्प्रिंग अजून ताठ होती. भाचीनं दोन ओल्या पट्ट्या घालून साचा भरला, तो सुकला, भट्टीत तापून लाल झाला. ताईंनी चावीला तीन वेढे दिले आणि मुशीवर ज्योत धरली. सोनं आधी काळवंडलं, मग आरशासारखं लखलखीत झालं. ओतायचं काम कायम मावशीचंच, म्हणून भाची सवयीनं चार पावलं मागे सरली होती.

“तिकडे कुठं चाललीस?” ताई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि तिची बोटं खटक्यावर ठेवली. “इथं उभी राहा. सोड म्हटलं की सोड.”